कलामेळ्यात मजुरीही वसूल झाली पाहिजे
उघड्या मैदानावर नवा कलामेळा भरला की मुलचेऱ्याकडचे आपले कारागीर टोपल्या, सुपे घेऊन जातात आणि आठवडी बाजाराच्याच भावाने विकून येतात. त्या भावात बांबूचे पैसे निघतात, मजुरी बुडते.

म्हणून निघण्याआधी हिशोब मांडावा : बांबू, रंग, गाडीभाडे, स्टॉलभाडे आणि कामाचे तास. एका टोपलीला चार तास लागत असतील, तर अर्ध्या दिवसाची मजुरी किमतीत धरलीच पाहिजे. किंमत चिठ्ठीवर लिहून लावावी, म्हणजे घासाघीस कमी होते. पहिल्या वर्षी गर्दीचा भरवसा नसतो. लहान, स्वस्त वस्तू जास्त न्याव्यात. ताडपत्री विसरू नये.

कच्च्या मालावरही आपला हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार बांबू हे गौण वनोपज आहे. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळवला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. ती दीक्षा म्हणजे जातीने लादलेल्या फुकट राबण्याला नकार होता. आपल्या कसबाचा भाव आपणच ठरवणे, हा त्याच नकाराचा पुढचा भाग आहे, असे आम्हाला वाटते.