उघड्या वाळूवरचे घरटे

जालना जिल्ह्यापासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. मग येथे सागरी पक्ष्यांचा विषय कशाला? कारण असे की, जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. आणि समुद्रावर वावरणाऱ्या कुरव व सुरय पक्ष्यांच्या कुळातील काही जातींनी समुद्राऐवजी नद्यांनाच आपले घर मानले आहे.

काळ्या पोटाचा सुरय हा त्यांपैकी एक. लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर, चोच नारिंगी, शेपटी खोल दुभंगलेली. विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी व पोट काळे दिसते. भारतीय उपखंडातील नद्या हे त्याचे माहेर. आग्नेय आशियाच्या बहुतेक भागांतून तो जवळजवळ नाहीसा झाला असून जगातील धोक्यात आलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते.

असे का व्हावे? उत्तर त्याच्या घरट्यात आहे. उन्हाळ्याच्या सुमारास नदी आटू लागली की पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. तेथे साधा खळगा करून मादी दोन-तीन अंडी घालते. ठिपकेदार अंडी वाळूत अशी मिसळून जातात की कावळ्यालाही चटकन दिसत नाहीत. भोवतीच्या पाण्यामुळे कुत्री-कोल्ह्यांना बेटावर येता येत नाही. ऊन चढले की आईबाप पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात व अंडी थंड ठेवतात.

पण कावळ्याला चकविणारे अंडे ट्रॅक्टरचालकालाही दिसत नाही! वाळूचा उपसा झाला की बेटच जाते. पाणी फार घटले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री थेट घरट्यापर्यंत पोहोचतात. उलट, धरणातून एकाएकी पाणी सोडले तर अंडी वाहून जातात. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झाले. तेव्हापासून शहागडकडील पात्रातले पाणी बरेचसे माणसाच्या हाती आहे.

यावर उपाय आहे काय? चंबळ नदीचे उदाहरण पाहा. तेथे पाणचिरा हा संकटग्रस्त पक्षी सुरयांप्रमाणेच वाळूच्या बेटांवर वीण करतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथील गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले. ते कुत्र्यांना व गुरांना दूर ठेवतात. या कामासाठी संस्थेच्या परवीन शेख यांना २०२५ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला.

गोदाकाठच्या शाळांनाही सुरुवात करता येईल. फेब्रुवारी ते मे या काळात काठावरूनच बेटांचे निरीक्षण करावे. सुरय कोठे बसतात, पाणी कधी चढते, उपसा कोठे चालतो, हे तारखेसह वहीत नोंदवावे व वनविभागाला कळवावे. मात्र घरट्याजवळ जाऊ नये. आपल्या भीतीने आईबाप उडाले, तर तापलेल्या वाळूवर थोड्याच वेळात अंड्यातील जीव दगावतो.

रिकामी दिसणारी वाळू रिकामी असतेच असे नाही.