धारवाडच्या सप्तापुरात घर बांधताय? आधी सूर्य पाहा!

धारवाड साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे नकाशा काढतानाच हे ठरवा:

☀️ सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे १५ अंश कलते. १ किलोवॉटला अंदाजे १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते, म्हणून पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला घ्या.

☀️ मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर येतो. तापतं ते छत. पॅनेलची सावली तिथेही उपयोगी पडते.

☀️ पश्चिमेला खिडक्या कमी, पडवी किंवा झाड हवंच. जुन्या कौलारू घरांचे पुढे आलेले छप्पर ऊन-पाऊस दोन्ही अडवते.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. आर्किटेक्टच्या पहिल्याच भेटीत हा विषय काढा!