अशिलाचे ८,११८ रुपये

सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालावर पुरेशी शाई सांडून झाली आहे. वकिलाची सेवा ही 'वैयक्तिक सेवेचा करार', म्हणून ग्राहक मंचाचे दार अशिलाला बंद. पण हा वाद मुळात केवढ्या रकमेवरून पेटला, ते फारसे कुणी सांगितले नाही. दिल्लीतल्या एका चेक न वटल्याच्या खटल्यात आरोपीने चेकचे वीस हजार आणि खर्चापोटी पाच हजार द्यायचे मान्य केले. ते वकिलाच्या हाती आले आणि फीच्या पाच हजारांवरून तिथेच अडले, अशी अशिलाची तक्रार. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांना ग्राहक कायद्याखाली आणले, ते २०२४ मध्ये बाहेर पडले.

ग्राहक मंच गेला तरी दिवाणी दावा आहे, बार कौन्सिल आहे, असे सांगितले जाते. वकिलाने बुडवलेले पैसे काढायला दुसरा वकील लावायचा, हा सल्ला बाजूला ठेवू. बार कौन्सिलचे काय?

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीचा एक म्हातारा, निरक्षर शेतकरी. त्याच्या जमिनीच्या भूसंपादनाचा मोबदला, ८,११८ रुपये, वकिलाने १९८७ मध्ये कोर्टातून उचलला आणि स्वतःकडेच ठेवला. तक्रार झाल्यावर समझोता झाल्याचे खोटे प्रतिज्ञापत्र अशिलाच्या नावाने दाखल झाले. बार कौन्सिलने तीन वर्षे सनद रोखली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ती कायमची काढली. शिक्षा चोख. पण १९६१ च्या अधिवक्ता कायद्याचे कलम ३५ उघडून पाहा: ताकीद, निलंबन, नाव वगळणे. अशिलाचे पैसे परत करा, हे त्यात कुठेच नाही.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. कृष्ण अय्यर यांना १९७८ मध्येच बोचली होती. रंगदुराई खटल्यात एका वृद्ध जोडप्याच्या (नवऱ्याला ऐकू येत नसे) दोन वचनचिठ्ठ्यांवर दावे लावतो असे वकिलाने सांगितले, लावले मात्र नाहीत, आणि मुदत टळली. वीस हजार बुडाले. अय्यर यांनी निलंबनाला वेगळेच वळण दिले: पीडिताला अडीच हजार रुपये द्या आणि गरिबांसाठी फुकट काम करा. कायद्यात असे लिहिलेले नाही, म्हणून खंडपीठातलेच न्या. सेन यांना ते पटले नाही. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर सेन बरोबर असतील. मला अय्यर पटतात. त्यांनी पाडलेली पायवाट पुढे रुळली नाही, हे मात्र खरे.

न्यूझीलंडने यावर १९२९ मध्येच तोडगा काढला. सगळ्या वकिलांनी वर्गणी काढायची आणि एखाद्याने अशिलाचा पैसा खाल्ला तर त्या निधीतून भरून द्यायचा. इंग्लंडमध्येही असा निधी आहे. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅक्झिऑम इन्स ही वकिलांची फर्म बंद झाली, तेव्हा अशिलांचे सहा कोटींहून अधिक पौंड गायब होते. तो खड्डा प्रामाणिक सॉलिसिटरांच्या वर्गणीतून भरायचा, म्हणून तिथे कुरकुर झाली. शिवाय भरपाई हा हक्क नव्हे, आणि एका दाव्याला कमाल पाच लाख पौंड. तरीही दार ठोठवायला एक जागा आहे.

आपल्याकडे निधी नाही असे नाही. वकीलपत्रावर चिकटवलेले वेल्फेअरचे तिकीट आठवा. महाराष्ट्रात १९८१ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पैसा जातो वकिलांच्या कल्याणाला. जावा, अनेक वकिलांची परिस्थिती बेताचीच असते. अधिवक्ता कायद्याचे कलम ६ बार कौन्सिलांना निधी उभारू देते, तेही गरजू वकिलांसाठी, विधी साहाय्यासाठी, ग्रंथालयांसाठी. फसवल्या गेलेल्या अशिलाचा रकाना या यादीत नाही. तो घालायला घटनादुरुस्ती लागत नाही. कलम ६ मध्ये एक ओळ आणि वकीलपत्रावर आणखी एक तिकीट पुरेल, आणि ते तिकीट वकिलाच्याच खिशातून यायला हवे.