फितुरीचा हिशेब : बावड्याच्या अमात्यांपासून गेम थिअरीपर्यंत

कोल्हापूरच्या पश्चिमेला, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावर असलेले गगनबावडा आज पावसामुळे आणि गगनगडामुळे ओळखले जाते. मराठी राज्यविचाराच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान याहून मोठे आहे. ही पंत अमात्य बावडेकरांची जहागीर. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने निघालेले ‘आज्ञापत्र’ परंपरेने ज्यांचे मानले जाते, ते रामचंद्रपंत अमात्य याच घराण्याचे. १६८९ पासूनची त्यांची कारकीर्द आणि हा ग्रंथ एकत्र वाचला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. फितुरी जितकी माणसाच्या स्वभावातून येते, त्याहून अधिक राज्याच्या नियमांतून आणि उद्याच्या भरवशातून येते.

हा विचार गणिताच्या भाषेत विसाव्या शतकात आला. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाचे प्रमेय सिद्ध केले आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह गेम थिअरीचा पायाभूत ग्रंथ लिहिला. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी, एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशा तोलाची कल्पना मांडली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रँड संस्थेत ‘कैद्यांचा पेच’ आकाराला आला. दोघांनी साथ दिली तर दोघांचेही भले, पण प्रत्येकाने स्वतःपुरते पाहिले तर दगा देणेच फायद्याचे, असा तो पेच. पुढे रॉबर्ट ऑमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले की हाच डाव वारंवार खेळायचा असेल आणि खेळणाऱ्याला पुढच्या डावांची किंमत वाटत असेल, तर साथ टिकू शकते.

१६८९ मध्ये महाराष्ट्रात नेमका पुढच्या डावाचाच भरवसा उरला नव्हता. मार्चमध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली, वर्षअखेरीस रायगड पडला, राजाराममहाराज जिंजीला गेले आणि इकडचा कारभार ‘हुकूमतपनाह’ म्हणून रामचंद्रपंतांकडे आला. राज्य उद्या असेल की नाही हेच ठाऊक नसताना औरंगजेब बादशहाने देऊ केलेले वतन नाकारणे सरदाराला अवघड होते. यावर राजाराममहाराजांनी काढलेला तोडगा १६९१ च्या एका पत्रात दिसतो. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि सर्वांत शेवटी दिल्ली जिंकल्यावर टप्प्याटप्प्याने रक्कम देण्याचे त्यांनी हणमंतराव घोरपड्यांना कबूल केले. खजिना रिकामा असताना केलेला हा करार सरदाराचा स्वार्थ राज्याच्या उद्याशी बांधतो. बाजू बदलली की पुढचे सगळे हप्ते बुडाले.

किल्ल्यांचा प्रश्न वेगळा होता. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे वेगवेगळे अधिकारी असत, म्हणजे गड एकाच्या हाती राहत नसे. ही व्यवस्था सभासदाने बखरीत नोंदवली आहे. गड विकायचा तर कटात अनेकांना ओढावे लागे आणि त्यांतला कोणीही तो फोडू शकत असे. १७०० नंतर डाव बदलला. औरंगजेब स्वतः एकेका गडाला वेढा घालून बसे, मराठे शक्य तितके दिवस काढत आणि मग पैसे घेऊन गड सोडत. १७०२ मध्ये विशाळगड असाच दोन लाख घेऊन रिकामा करून दिला गेला. एवढाच व्यवहार पाहिला तर ही हार वाटते. पण बादशहाची फौज हलली की पुष्कळ गड पुन्हा मराठ्यांकडे येत. त्याचे महिने, माणसे आणि पैसा मात्र परत येत नसे. लांबच्या डावात ही चाल फायद्याची ठरली.

सरदारांना राखण्यासाठी राज्यानेही वतने वाटली; त्यांची किंमत मात्र युद्ध संपल्यावर कळली. वंशपरंपरेने दिलेले वतन सहज काढून घेता येत नाही, त्यामुळे सरदाराला धरून ठेवणारी दोरीच राजाच्या हातून सुटते. परचक्र आले की वतनदार आधी शत्रूला जाऊन भेटतात, इकडचे भेद तिकडे नेतात, हे आज्ञापत्र स्पष्टपणे सांगते. तरीही वतने सरसकट बुडवा असे ते म्हणत नाही. वतनदाराला स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावे, ही त्याची शिकवण आहे. युद्धकाळात वतने वाटली जात असताना कारभार खुद्द रामचंद्रपंतांकडे होता, म्हणून आज्ञापत्रातल्या या प्रकरणाला अनुभवाचे वजन आहे.

यावर कोणी म्हणेल की तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर आजचे गणित लादणे अन्याय्य आहे. पंतांनी समीकरणे मांडली नाहीत, हे खरेच. पण दुसरा काय करील हे धरून स्वतःची चाल ठरवण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा होता आणि गणित तोच प्रश्न नेमका करून देते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या मांडणीत स्वामिनिष्ठेला जागा कुठे? ज्यांनी कोणत्याही लाभाशिवाय प्राण दिले त्यांचे मोल कुठलाही हिशेब कमी करू शकत नाही. मात्र अशा थोड्यांच्या बळावर राज्य चालत नाही. साधारण माणसालाही इमान परवडेल असे नियम करणे हे राज्यकर्त्याचे काम आहे. म्हणून त्या काळातल्या प्रत्येक फितुरीबद्दल निवाडा देण्याआधी त्या माणसापुढे कोणते पर्याय होते आणि ते कोणी ठेवले होते, हे विचारले पाहिजे. इतिहासातून राज्य चालवण्याचे शहाणपण घ्यायचे असेल, तर ते या प्रश्नाच्या उत्तरात सापडेल.