ईदी कोणती, बोनस कोणता, जकात कोणती?

रमजानचा तिसरा अशरा लागला की घरोघरी एक यादी तयार होते. मुलांचे कपडे, शेवया, खारीक, चारोळी, दोन दिवसांचे जादा दूध, भाचे-पुतण्यांची ईदी. विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि यादी रोज लांबत जाते. तिच्या अगदी तळाशी आणखी काही माणसे असतात. धुणीभांडी करणारी अक्का, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, अपार्टमेंटचा वॉचमन, घंटागाडीवरचा माणूस, मशिदीचे बांगीसाहेब. यांच्यापुढे आकडा लिहिलेला नसतो. पाकिटात काय उरले ते पाहून तो चाँदरातीला ठरतो.

आम्हाला दरवर्षी याच सुमारास दोन प्रश्न विचारले जातात. कामवालीला किती द्यावे? आणि ते जकातीतून दिले तर चालते का? विचारणाऱ्या भगिनी बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मागतात. आमच्या मते दुसरा प्रश्न आधीचा आहे. पैसा कोणत्या खिशातून निघतो हे ठरले की किती द्यायचा याची फारशी अडचण राहत नाही.

जकात हा अल्लाहने गरिबांसाठी ठरवून दिलेला हक्क आहे. शिल्लक संपत्तीवर वर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के बाजूला काढायचे. ती रक्कम आपली राहिलेलीच नसते, आपण फक्त पोहोचवणारे. मजुरीचे तसे नाही. ती माणसाने घाम गाळून कमावलेली असते. हा घाम सुकण्याआधी ती त्याच्या हातात पडावी अशी प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या मुलांनाही पाठ असते. ईदी या दोन्हींपेक्षा वेगळी. तो आपल्या आनंदातला वाटा, हदिया. द्यावी तेवढी थोडी, पण न दिल्याने कोणाचा हक्क बुडत नाही.

गोंधळ होतो तो हे तीन खिसे एकमेकांत मिसळल्यामुळे. अक्काला वर्षाचे म्हणून हजार रुपये द्यायचे आहेत, घरात जकातीचे पैसेही काढून ठेवलेले आहेत, मग त्यातूनच दिले, दोन्ही कामे झाली! असे होत नाही. हनफी फिकहच्या ‘फतावा आलमगिरी’त याची अगदी घरगुती चर्चा आहे. ईदसारख्या प्रसंगी नोकरचाकरांना जकातीच्या नियतीने काही दिले तर जकात अदा होते, असे तिथे म्हटले आहे. पण त्याच ओघात एक कसोटीही आहे. हे पैसे मिळाले नसते तरी त्या माणसाने काम केले असते का? केले असते, तर ती मदत. पण ‘दिले नाही तर बाई काम सोडून जाईल’ म्हणून, किंवा कामावर ठेवतानाच ‘ईदला इतके देऊ’ असे बोलून दिले असेल, तर तो कामाचाच मोबदला झाला आणि आपली जकात आपल्याच अंगावर राहिली. शिवाय घेणारी व्यक्ती जकातीस पात्र असायला हवी. ती मुस्लिम असावी असे बहुतेक उलेमांचे मत आहे. आपल्या सोलापुरात अनेक घरांत काम करणारी बाई तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी हिंदू भगिनी असते, हे लक्षात घेतले तर जकातीचा खिसा तिथे बंदच होतो. हदियाला मात्र धर्माची अट नाही. बोनसला तर नाहीच नाही. आपल्या घरातला विशिष्ट मामला असेल तर मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घ्यावे. पण विचारताना पूर्ण हकिगत सांगावी, अर्धी नको.

आता बोनसबद्दल. हा शब्द आपल्या गावाला नवा नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर उठणारी घरे आपलीच होती. आज यंत्रमागावर, विडी कारखान्यात, शिलाईच्या मशीनवर बसणारे हातही आपलेच आहेत. दिवाळी जवळ आली की ‘औंदा बोनस किती’ ही चर्चा मुस्लिम मोहल्ल्यातही तितकीच रंगते.

तो बोनस काही मालकांनी खुशीने दिलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना पगाराखेरीज काही रक्कम द्यायला सुरुवात केली आणि पुढे काही वर्षे ती मिळत राहिली. १९२३ ची रक्कम मालकांनी नाकारली. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा की रिवाज, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांना हा हक्क सांगता येत नाही. थोडक्यात, द्यायचे की नाही ही मालकाची मर्जी. ती मर्जी मोडून हक्क व्हायला चाळीस वर्षे लागली. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला आणि किमान बोनस पुढे ८.३३ टक्के ठरला. हा आकडा विचित्र दिसतो, पण हिशेब सरळ आहे. शंभराचे बारा भाग केले की एक भाग ८.३३ येतो. म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार.

हा कायदा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. घरकाम करणाऱ्या बाईसाठी आपण आजही १९२४ सालचे गिरणीमालक आहोत. द्यायचे की नाही, किती द्यायचे, सगळे आपल्या मर्जीवर. आपल्याच घरातली एक भगिनी विडी कारखान्याच्या बोनसचा पै-पैचा हिशेब मागते आणि दुसरी कामवालीला म्हणते, ‘‘अगं, गेल्या साली साडी दिली होती ना?’’ एकाच छपराखाली दोन न्याय झाले की हे!

म्हणून आमचे सरळ म्हणणे असे: कायदा नसला तरी कायद्याचे माप आपण घ्यावे. वर्षभर काम केलेल्या बाईला एका महिन्याचा पगार. महिन्याला बाराशे देत असाल तर बाराशे. चार महिन्यांपूर्वी लागली असेल तर चारशे. यात घासाघीस नको, आणि मध्यंतरी तिने घेतलेली उचल यातून कापणेही नको. उचल पगारातून थोडी थोडी फेडून घ्यावी. मेहनतीच्या वर्षाअखेरी हातात येणारी एकच मोठी रक्कम कापून तिला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात काय मिळवले? रक्कम जमत नसेल तर आधी तसे सांगावे. ‘‘अक्का, औंदा हात आखडलाय, निम्मे देते, बाकी दोन महिन्यांत.’’ हे ऐकून ती रागावणार नाही. शेवटच्या दिवशी तोंड चुकवले तर मात्र नक्की रागावेल.

पण हा बोनस ईदलाच द्यावा का? बाई हिंदू असेल तर तिचा खर्च दिवाळीला असतो. तिच्या पोरांना कपडे तेव्हा हवे असतात, आपल्या ईदला नाही. तेव्हा तिलाच विचारावे. आमच्या मते बोनस घेणाऱ्याच्या सणाला शोभतो आणि ईदी देणाऱ्याच्या सणाला. अक्काला दिवाळीत महिन्याचा पगार आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा, वर मुलांच्या हातात थोडी ईदी, असे केले की दोन्ही सण गोड होतात. बाई मुस्लिम असेल तर दोन्ही एकाच वेळी येतात. तिथे पाकिटे दोन करावीत. एकातच सगळे घातले की ईदी कोणती आणि हक्क कोणता हे तिलाही कळत नाही, आपल्यालाही.

डब्यावरून एक हदीस आठवते. नोकराने जेवण आणून पुढे ठेवले तर त्याला सोबत बसवावे, तेवढे जमत नसेल तर त्यातला घास-दोन घास तरी द्यावा, कारण चुलीची आच त्यानेच सोसली आहे, असा प्रेषितांचा (स.) आदेश बुखारी शरीफमध्ये आहे. ईदच्या सकाळी आपल्या गॅसपाशी उभी असलेली बाई हिच्यात बसते. तिचा वाटा पाहुण्यांची पंगत उठल्यानंतर पातेल्याच्या बुडाचा नसावा. आणि जुन्या साड्या द्यायच्या तर वर्षात कधीही द्या, सणाच्या दिवशी देऊ नका.

अक्काला देण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळाकडे नोंद झाली तर बाळंतपणासारख्या प्रसंगी मदत मिळण्याची सोय आहे. १३ एप्रिल २०२१ ला, रमजानचा चाँद दिसला त्याच संध्याकाळी, मुख्यमंत्र्यांनी कोरोनाचे कडक निर्बंध जाहीर केले आणि घरेलू कामगारांना दीड हजार रुपयांची मदत सांगितली. ती नोंदणी असलेल्या बायांसाठी होती. उरलेल्यांचे काम गेले आणि मदतही नाही. नोंदणीला ‘ही बाई आमच्याकडे काम करते’ असा घरमालकाचा दाखला लागतो आणि नेमक्या त्या सहीला सुशिक्षित घरे बिचकतात. सही केली की काहीतरी मागे लागेल, ही भीती. कामगार आयुक्त कार्यालयातून अर्ज आणून, भरून, सही करून तिच्या हातात द्यावा. या ईदला एवढे करून बघा.

इतरांबद्दल थोडक्यात. पेपरवाला पोरगा, दूधवाला, वॉचमन यांना आपण एकटे पगार देत नाही, तेव्हा महिन्याच्या पगाराचे माप इथे लागू नाही. ऐपतीप्रमाणे ईदी द्यावी. वॉचमनसाठी अपार्टमेंटने मिळून रक्कम गोळा केली तर उत्तम. मशिदीत तरावीहच्या हाफिजसाहेबांसाठी सगळे पुढे येतात. वजूखाना धुणारा मात्र विसरला जातो. सहरीला उठवणारे ज्या मोहल्ल्यांत अजून फिरतात तिथे त्यांना दाराशी ताटकळत ठेवू नये. मोबाइलच्या गजराने आपण उठत असलो तरी तो महिनाभर आपल्यासाठीच जागला आहे.

सरकारी पगारावरच्या माणसांचे वेगळे. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे चावीवाला हा आपल्या गल्लीतला मोठा माणूस. ईदच्या आधी त्याच्या खिशात नोट सरकवायची पद्धत आहे, आणि ती का आहे हे देणाराही जाणतो, घेणाराही. जकात वसुलीला पाठवलेला एक जण परत येऊन म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. तेव्हा प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहून म्हणाले की, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर याला ही भेट आली असती का? चावीवाल्याच्या नोटेलाही हेच विचारून पाहावे. आपल्या नळाला दहा मिनिटे जादा पाणी आले ती दहा मिनिटे पुढच्या गल्लीची असतात. त्याला घरात बोलवा, शीरखुर्मा द्या, पोटभर द्या. नोट नको. घंटागाडीवरच्या माणसाची गोष्ट तशी नाही. त्याला दिलेल्या ईदीने कोणाच्या दारचा कचरा पडून राहत नाही.

शेवटचे वेळेबद्दल. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, पण पगार एक तारखेला, भाडे पाच तारखेला, ते कुठे सरकत नाही. २०२५ ची ईद ३१ मार्चला होती, म्हणजे पगाराच्या अगदी तोंडावर. ईद महिन्याच्या वीस-बावीस तारखेला आली की कामवालीच्या हातात काहीच नसते. मुस्लिम बाईला ईदचे द्यायचे ते विसाव्या रोज्यापर्यंत द्यावे, जमल्यास चालू महिन्याच्या पगारातलेही काही. चाँदरातीला मिळालेल्या पैशाचे तिने करायचे काय? तोवर मीना बाजारात तिच्या पोरीच्या मापाचा फ्रॉक संपलेला असतो, आणि शिंप्याने तर पंधराव्या रोज्यालाच कपडे घेणे बंद केलेले असते.