नाव नसलेला सागरी कोळी

‘सागरी कोळी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होडी, जाळं आणि नारळी पौर्णिमा येते. आजचा कोळी तो नव्हे. हा समुद्राच्या तळावर चालणारा, बहुधा आठ पायांचा प्राणी आहे. इंग्रजीत त्याला ‘सी स्पायडर’ म्हणतात. भिंतीवरच्या कोळ्याशी त्याचं नातं फार लांबचं आहे. त्याच्या तेराशेहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

या प्राण्याचं धड म्हणजे नुसती काडी. आतड्याला तिथे जागा पुरत नाही, म्हणून त्याचे फाटे पायांत शिरतात. मादीची अंडीही पायांतच तयार होतात. फुप्फुस नाही, कल्ले नाहीत. प्राणवायू थेट कातडीतून आत येतो. अंडी सांभाळण्याचं काम मात्र बाप करतो. ती पोटाखालच्या खास पायांना चिकटवून तो हिंडतो.

आता मुद्द्याकडे येऊ. २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे आणि अलास्काजवळ समुद्रतळातून मिथेन झिरपतो, अशा जागी सेरिकोसुरा या प्रजातीतले, जेमतेम सेंटिमीटरभराचे कोळी मिळाले. त्यांच्या अंगावर मिथेनवर जगणारे जिवाणू वाढतात आणि कोळी ते खरवडून खातात. म्हणजे शेत स्वतःच्याच पाठीवर! या तीन जाती असाव्यात, पण तेव्हा त्यांतल्या एकीलाही नाव नव्हतं.

‘नवा प्राणी सापडला की नाव ठेवायचं, त्यात काय एवढं?’ असं आपल्याला वाटतं. पण तो नवा आहे हे ठरवायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली आपण सोंडेचा आकार, पुढचे चिमटे, स्पर्शकांचे सांधे, अंडी वाहणाऱ्या पायावरचे काटे असं सगळं पाहतो, मोजतो, चित्र काढतो. मग जुने ग्रंथ उघडायचे. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत मिळालेल्या सागरी कोळ्यांवर हूक यांनी १८८१ मध्ये लिहिलेला अहवाल आजही चाळावा लागतो, कारण कदाचित तोच प्राणी त्यांनी तेव्हाच नोंदवला असेल.

आणि इथेच फसगत होते. या कुळातल्या अनेक पिल्लांना चिमटे असतात, मोठेपणी ते झिजून जातात. नर-मादीतही फरक असतो. त्यात खोल पाण्यातून वर येईपर्यंत नाजूक पाय तुटलेले असतात आणि हाती एकच नमुना असतो. पिल्लालाच वेगळी जात समजून बसलो, तर एका प्राण्याची दोन नावं होतात आणि पुढच्या माणसाला ती गाठ सोडवत बसावी लागते. डीएनए मदत करतो, पण किती फरक म्हणजे वेगळी जात, हे तो स्वतः सांगत नाही. ते शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं.

ठरलं, की एक नमुना ‘नामधारक’ म्हणून निवडून संग्रहालयात ठेवायचा. पुढे वाद झाला तर नाव त्या बाटलीतल्या कोळ्याचं. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रातल्या एका जातीला ऑस्ट्रोपॅलीन हॅलॅनिची असं नाव मिळालं, ते केनेथ हॅलॅनिक या सागरी जीवशास्त्रज्ञावरून.

एवढा खटाटोप कशाला? कारण तळावर खाणकाम येऊ घातलंय. हवाई आणि मेक्सिकोदरम्यानच्या धातूगोट्यांच्या पट्ट्यात ५,५७८ जाती असल्याची मोजदाद २०२३ मध्ये झाली. त्यांतल्या फक्त ४३६ जातींना रीतसर नाव होतं. बाकीच्यांना ‘अमुक क्रमांक ३’ अशी खूण. दोन कंपन्यांच्या अहवालांतला ‘क्रमांक ३’ एकच प्राणी आहे का, हे कळणार कसं? आणि ते कळल्याशिवाय, ही जात फक्त इथेच राहते की हजार किलोमीटरवरही, याचं उत्तर मिळत नाही. खाणीसाठी जागा राखायची असेल, तर नेमकं तेच उत्तर हवं असतं.

हे दूरचं समजू नका. मध्य हिंदी महासागरात असेच गोटे शोधण्यासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या कामात सुरुवातीपासून भाग घेतला आहे. तिथल्या गाळातून वर येणाऱ्या चाळणीतही असे तुटक्या पायांचे कोळी असू शकतात, आणि मग पुन्हा तेच काम: सोंड, चिमटे, सांधे, काटे. चला, आता प्रश्न घेऊ.