कपाटाचं दार

आमच्या मांजरीच्या फ्लॅटमधल्या एका कपाटाला दार नाही. आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, ‘दार कुठंय?’ दार गॅलरीत आहे. दोन रिकाम्या कुंड्यांवर आडवं टाकून आम्ही त्याचं बाकडं केलंय. ते दार का काढलं आणि परत का लावलं नाही, त्याची ही गोष्ट.

मांजरी बुद्रुकमध्ये आम्ही तिघी राहतो. एक ॲग्रीची, एक एमबीए करणारी आणि तिसरी मी. वरच्या मजल्यावरचा एक सीनियर नोकरीसाठी बंगळुरूला निघाला, तेव्हा त्याचं शू-रॅक आम्ही चारशे रुपयांना घेतलं. पाच फूट उंच, पार्टिकल बोर्डचं, वरून सनमायका. चपला ठेवायला म्हणून आणलेलं, पण ॲग्रीवालीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘यात शेती होईल.’

आम्ही हसलो. आठ दिवसांनी खरंच शेती सुरू झाली.

चारशे रुपयांचं शेत

पिकवायचं होतं ते मायक्रोग्रीन्स. म्हणजे मेथी, मोहरी, मुळा यांची आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं. मेसच्या डाळभातावर टाकली तरी जेवणाला चव येते.

पाचपैकी दोन फळ्या काढल्या, म्हणजे प्रत्येक कप्प्याला फूटभर उंची मिळाली. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतं, म्हणून आत जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरला. (कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता. भाऊ उलटे पडलेत, पण पाणी अडवतात.) ट्रे म्हणून हॉटेलच्या पार्सलचे डबे, बुडाला भोकं पाडलेले. त्यात कोकोपीट. वर साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, वीस वॅटच्या दोन.

विजेच्या बिलाची भीती होती, म्हणून हिशोब केला. दोन ट्यूबचे चाळीस वॅट, रोज बारा तास. म्हणजे दिवसाला साधारण अर्धं युनिट, महिन्याला पंधराच्या आत. आमचा गीझर यापेक्षा जास्त खातो.

बियांच्या बाबतीत ॲग्रीवालीने एक गोष्ट बजावून सांगितली. पेरणीसाठी दुकानात मिळणाऱ्या पाकिटातल्या बिया अनेकदा औषध लावलेल्या असतात, त्यांची कोवळी रोपं खायची नाहीत. आपली किराणा दुकानातली मेथी आणि मोहरी बरी. मेथी रात्रभर भिजवायची, ओल्या कोकोपीटवर दाट पसरायची, दोन-तीन दिवस झाकून ठेवायची आणि मोड वर आले की उजेड द्यायचा.

पहिली खेप गेली. चौथ्या दिवशी कप्पा उघडला तर मेथीवर पांढरं जाळं आणि कुबट वास. मुळ्याच्या मोडांवरही पांढरी लव होती, पण तिच्यावर पाणी फवारल्यावर ती दिसेनाशी झाली. ती मुळांची केसं होती. मेथीवरचं जाळं मात्र पाण्याने हललं नाही. ती बुरशी.

‘हवा नाही मिळत त्यांना,’ ॲग्रीवाली म्हणाली. ‘आत ओल, आत ऊब आणि दार बंद. बुरशीला आणखी काय पाहिजे?’

मी स्क्रूड्रायव्हर आणला. दार काढलं. समोर टेबलफॅन हळू लावला. दुसऱ्या खेपेची मेथी नवव्या दिवशी कात्रीने कापली.

मांजरीला हे नवीन नाही

दिव्याखाली रोपं वाढवणं म्हणजे आपण काहीतरी भारी केलं, असं मला वाटत होतं. ॲग्रीवालीने ती हवा काढून घेतली. ‘आपल्या इथे हे कधीपासून चालतं,’ ती म्हणाली.

वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहे. १९७५ साली साखर कारखानदारीसाठी सुरू झालेली ही संस्था. तिच्या कामांपैकी एक म्हणजे उसाचं टिश्यू कल्चर. एरवी ऊस लावतात तो टिपऱ्यांनी. पण बेण्यातच रोग असेल तर तो शेतभर जातो. टिश्यू कल्चरमध्ये उसाच्या शेंड्याचा कोवळा भाग घेतात, निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यावर ठेवतात आणि बाटल्या रॅकवर लावून वर दिवे सोडतात. एका रोपाची अनेक होतात. मग त्यांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करतात आणि ती शेतात जातात. रॅक, दिवे, ठरलेले तास. आमच्या शू-रॅकची ही थोरली बहीणच म्हणायची.

द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथलंच, १९९७ पासूनचं. ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ या द्राक्षांच्या जातींना आपल्या गावाचं नाव आहे. रोज रिक्षाने ज्या गावावरून जातो त्याच्या नावाची द्राक्षं असतात, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

या सगळ्या संस्थांच्या गेटवर मोठी पाटी आहे. काय पिकवतात ते लिहिलेलं आहे. हा मुद्दा तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. तो नंतर आला.

‘दार परत लाव ना’

दार काढलं त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला एमबीएवाली माझ्या खोलीत आली.

‘दार परत लाव ना,’ ती म्हणाली. ‘आणि खालचा कप्पा मला दे.’

‘कशाला?’

‘एकच रोप लावायचंय.’

कुठलं ते तिला सांगावं लागलं नाही. ती रात्री झोपण्याआधी गांजा ओढते, हे आम्हा दोघींना माहीत होतं. रोज नाही म्हणता म्हणता रोज झालं होतं. (हे सगळं तिला विचारून लिहितेय. नाव लिहायचं नाही, एवढीच तिची अट.)

तिच्याकडे मुद्दे होते, आणि ते फालतू नव्हते. एकच रोप, तेही स्वतःपुरतं. विकायचं नाही. उलट, रात्री अनोळखी माणसाला फोन करून कुठल्यातरी कोपऱ्यावर उभं राहण्यापेक्षा हे सुरक्षित. आणि जर्मनीत तर चालतं.

जर्मनीचं खरं आहे. तिथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन रोपं लावायची मुभा आहे. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरामागे चार.

मी तेव्हा हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. ‘उद्या सांगते’ म्हणाले. आणि मास कॉमच्या मुलीला जे जमतं ते केलं. मूळ कागद उघडला.

कायदा रोपं मोजत नाही

अमली पदार्थांचा आपला कायदा १९८५ चा. कॉलेजात ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात तो. त्यात ‘अल्प प्रमाण’ नावाची एक गोष्ट आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचं ज्ञान तिथेच थांबतं. गांजासाठी ते एक किलो. तेवढ्यापर्यंत जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून लोक म्हणतात, ‘थोडा असेल तर काही होत नाही.’ एक वर्ष म्हणजे ‘काही नाही’ कसं, ते सोडा.

पण हे प्रमाण बाळगण्याला आहे. लागवडीला नाही. लागवड कलम २० च्या वेगळ्या पोटकलमात येते. तिथे किलो नाही, ग्रॅम नाही, किती झाडं तेही नाही. गांजाचं झाड लावलं, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

गंमत बघा. तिला वाटत होतं की विकत घेण्यापेक्षा घरी लावणं सुरक्षित आहे. कायद्याच्या पुस्तकात ते बरोबर उलटं आहे. कोपऱ्यावरची पुडी एका वर्षाच्या ओळीत बसते आणि कपाटातलं एकुलतं एक रोप दहा वर्षांच्या. दहा म्हणजे ‘दहापर्यंत’, प्रत्यक्ष शिक्षा कोर्ट ठरवेल. पण खटला चालू असतानाही पासपोर्ट अडू शकतो, नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये प्रश्न येतात. तिची कॅम्पस प्लेसमेंट चार महिन्यांवर होती.

मग भांगेचं काय? तिनेही हेच विचारलं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग वेगळी पडते आणि तिच्यावर राज्यांचे आपापले नियम चालतात. पण झाड लावणं हा मुद्दाच निराळा. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी भांगेच्या शेतीला परवाने द्यायला सुरुवात केली, तीही नशेचा घटक नगण्य असलेल्या वाणांना. तिथेही शेतकऱ्याच्या हातात आधी कागद, मग बी.

हा कायदा बदलायला हवा, असं म्हणणारे जाणकार आहेत. नको म्हणणारेही आहेत. आपणही वाद घालावा, कॉलेजच्या डिबेटला याहून चांगला विषय नाही. पण वाद जिंकेपर्यंत पुस्तकात आहे तोच कायदा लागू असतो. जर्मनीचा कायदा मांजरीत चालत नाही.

तिघींचा भाडेकरार

त्या रात्री मला सगळ्यात जास्त टोचलं ते कलम २५. घराचा मालक, तिथे राहणारा किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे तो, यांपैकी कोणी जाणूनबुजून ती जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू दिली, तर त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा.

यातला कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’. आमचा भाडेकरार तिघींच्या नावावर आहे. कपाट हॉलमध्ये आहे. आणि मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय, तिने मला विचारलं त्याच क्षणी संपली होती. मी नुसती गप्प बसले असते, तरी ते गप्प बसणं माझ्या अंगावर आलं असतं. माझ्या आणि ॲग्रीवालीच्याही. ती बिचारी त्या वेळी मुळ्याला पाणी घालत होती.

फ्लॅट शेअर करणाऱ्यांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. आपण वायफाय, गॅस आणि दुधाचं बिल तीन भागांत करतो. हे बिल भागत नाही. प्रत्येकाला पूर्ण येतं.

सकाळी मी तिला नाही म्हणाले. कारण सांगितलं, कलमं दाखवली. ती म्हणाली, ‘म्हणजे तुला स्वतःची काळजी आहे.’ मी म्हणाले, ‘हो, आहे.’ खोटं कशाला बोलू? ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. चहाचे कप वेगवेगळे घासले गेले.

झोप

तिसऱ्या दिवशी तीच बोलली. ‘मला झोप लागत नाही गं. ओढलं नाही की अजिबात नाही. म्हणजे मला त्याची गरज आहे ना?’

हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. पण त्याला उत्तर आहे. रोज ओढणाऱ्याने एकदम थांबवलं की झोप उडणं, चिडचिड, भूक मरणं हे होतंच. पहिल्या आठवड्यात जास्त, मग हळूहळू कमी. ती झोप उडणं ही गरजेची खूण नसते, सवय सुटत असल्याची असते. हे कोणी सांगत नाही, म्हणून माणूस दोन रात्री तळमळतो आणि तिसऱ्या रात्री पुन्हा फोन करतो.

आपल्याच शहरात येरवड्याला ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे, १४४४६. आणि ज्या कायद्याने आम्हाला घाबरवलं, त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाली आणि तो पूर्ण केला, तर तिच्यावर खटला चालत नाही. मदत मागणाऱ्यासाठी कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. लागवड करणाऱ्यासाठी ते नाही.

फोन तिने स्वतः केला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होतो, ऐकू येत नसल्यासारख्या.

आता दीड महिना झालाय. सगळं छान झालं असं लिहिलं तर ती मला मारेल. एकदा मध्येच घसरली, पुन्हा सुरुवात केली. झोप अजून तुटक आहे. खालचा कप्पा तिला दिला, त्यात ती मोहरी लावते. तिची मोहरी आमच्या मेथीपेक्षा दाट येते आणि याचा तिला नको तितका गर्व आहे.

मागच्या रविवारी घरमालकीण काकू भाडं घ्यायला आल्या. हॉलमध्ये कपाटातून उजेड येताना बघून थबकल्या. ‘हे काय गं लावलंय?’ ॲग्रीवालीने कात्री घेतली, मूठभर मेथी कापली आणि त्यांच्या हातावर ठेवली. काकूंनी वास घेतला, चार काड्या चावून बघितल्या आणि म्हणाल्या, ‘मीठ-तेल लावून भाकरीबरोबर खा.’ डब्यात भरूनही घेऊन गेल्या.

रात्री झोप लागली नाही की एमबीएवाली गॅलरीत त्या दाराच्या बाकड्यावर जाऊन बसते. लांबून रेल्वेचा आवाज येतो. कधी मी उठते, कधी ॲग्रीवाली. बाकडं तिघींना पुरतं, फक्त मधोमध बसलं की थोडं वाकतं.